जुन्या ट्रकचं इंजिन चिरकतं तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ-वणी रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजवर ४०७, ७०९, १६१३ अशा टाटाच्या जुन्या ट्रकगाड्या रोज येतात. कोणी कापूस जिनिंगला नेणारा, कोणी सिमेंट भरणारा, कोणी वरुडहून संत्री घेऊन निघालेला. इंजिन चिरकतं ही त्यांची तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की तेच ते प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं आता लिहूनच काढतो. सुरुवातीला एकच सांगतो. आवाज कसा येतो यावर फार डोकं लावू नका, तो कधी येतो ते पाहा. ‘चीं चीं’ आणि ‘कुईं कुईं’ यांतला फरक प्रत्येकाच्या कानाला वेगळा वाटतो. पण थंड्या गाडीत येतो की गरम, क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर, हे सगळ्यांना सारखंच कळतं.

आवाज इंजिनातूनच येतो की दुसरीकडून, हे आधी कसं ठरवू?

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. उभ्या गाडीत आवाज आला आणि रेससोबत वाढला, तर तो इंजिनाचा किंवा इंजिन जे फिरवतं त्याचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि रस्त्यावर चाक फिरलं की चूं चूं सुरू, तर बोनेट उघडून वेळ घालवू नका. खाली वाका आणि प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे क्रॉस (सांधे) पाहा. कोरडा पडलेला क्रॉस चिमणीसारखा चिवचिवतो आणि गाडीच्या वेगाबरोबर त्याचा ठेका वाढतो. ग्रीस भरूनही थांबला नाही तर बदलायचा. ब्रेक मारतानाच कर्कश आवाज आला तर ड्रम उघडायचा, कारण लायनर संपून रिव्हेट ड्रमला घासत असू शकतात.

सकाळी चालू केली की दोन-तीन मिनिटं चिरकते अन् मग आपोआप गप होते. काहून?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दहातल्या आठ गाड्यांत याचं उत्तर ढिला पट्टा असंच निघतं. पट्टा म्हणजे इंजिनाच्या पुढे पुलींवरून, म्हणजे खाचेच्या चाकांवरून फिरणारा रबरी पट्टा. डायनामो, वॉटर पंप, पंखा तोच फिरवतो.

स्टार्टरने बॅटरीतला करंट एकदम ओढलेला असतो. इंजिन चालू झालं की डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, तो करंट भरून काढायला लागतो, आणि तेवढा वेळ डायनामोची पुली फिरवायला जड जाते. पट्टा ढिला असेल, किंवा त्याच्या कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर पुली मागे राहते, पट्टा तिच्यावरून घसरतो आणि चिरकतो. बॅटरी थोडी भरली की डायनामोवरचा भार उतरतो आणि आवाज थांबतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या पहाटे दव पडलेलं असतं. ओलावा असला की हेच जास्त वेळ चालतं.

खात्री करायची असेल तर आवाज थांबल्यावर हेडलाइट लावा, वायपर चालू करा, वर हॉर्न दाबा. चिरकणं परत आलं तर ते डायनामोच्या भाराचंच आहे. अशा वेळी बॅटरीही एकदा तपासून घ्या. जीव गेलेली बॅटरी रोज डायनामोला राबवते आणि पट्टा बिचारा मधल्या मधे खपतो.

पट्टा किती ताणायचा?

इंजिन बंद करा. दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब भागावर, बरोबर मध्यावर अंगठ्याने जोरात दाबा. साधारण १० ते १५ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढा तो दबला पाहिजे. गाडीचं पुस्तक जवळ असेल तर त्यातला आकडाच धरा.

एक चूक मात्र फार जण करतात. आवाज बंद होईपर्यंत डायनामोला लोखंडी सळईने तटवून पट्टा तारेसारखा ताणतात. आवाज बंद होतो, माणूस खूश होतो. पण तो सगळा ओढा वॉटर पंपाच्या आणि डायनामोच्या बेअरिंगवर जातो, आणि तीन-चार महिन्यांत वॉटर पंप गळायला लागतो. शिवाय सळई चुकीच्या जागी तटवली तर डायनामोची ॲल्युमिनियमची बॉडी तडकते, ती गोष्ट वेगळीच.

नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतोच. एक-दोन दिवस धंदा करून आलात की परत अंगठा लावून पाहा. हा दुसरा हात कोणीच फिरवत नाही आणि मग पट्टा डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडत बसतो.

पट्ट्यावर पाणी टाकून पाहतात, त्याने काय समजतं?

बऱ्यापैकी समजतं. इंजिन आयडलवर ठेवायचं, बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून दुरूनच फिरत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्याची चिळकांडी मारायची. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला, तर पुली एका ओळीत नसण्याचा संशय घ्या. पाणी पडताच आवाज वाढला, तर पट्टा ढिला आहे किंवा पुली जड फिरते आहे. तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांवर, पाणी उडू देऊ नका.

आणि त्या वेळी गळ्यात दुपट्टा नको. हे मी प्रत्येकाला सांगतो, चिडेपर्यंत सांगतो. आपल्याकडे उन्हामुळे सगळ्यांच्याच गळ्यात दुपट्टा असतो, आणि जुन्या गाडीचा पंखा इंजिनासोबतच फिरत असतो. दुपट्टा, हातातलं कडं, सैल बाही, सगळं आधी काढून ठेवा.

नवा पट्टा टाकून आठ दिवस नाही झाले, पुन्हा आवाज. दुकानदाराने फसवलं का?

कधी तसंही असतं, पण बहुतेक वेळा दोष पुलीत असतो. हा भाग नीट वाचा, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात.

हा पट्टा, म्हणजे व्ही-बेल्ट, पुलीच्या तळावर चालत नाही. तो दोन्ही बाजूंच्या उतरत्या भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकून चालतो आणि त्या अडकण्यावरच त्याची पकड असते. वणी-घुग्गुसचा कोळसा, गडचांदूरकडचं सिमेंट, खदानीच्या रस्त्याची धूळ, हे सगळं पट्ट्यासोबत पुलीत फिरतं आणि वर्षानुवर्षं त्या भिंती पॉलिश पेपरसारखं घासतं. भिंती खोलगट होतात. मग नवा पट्टा टाकला तरी तो खाली बसतो, तळाला टेकतो आणि घसरायला लागतो.

हे ओळखायला कुठलंच मशीन लागत नाही. पट्टा काढा, पुली डिझेलच्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि टॉर्चच्या उजेडात पाहा. पुलीचा तळ मळकट, गंजलेला असायला हवा, कारण तिथे पट्टा लागतच नाही. तळ चांदीसारखा चमकत असेल तर पट्टा तिथे टेकतो आहे. मग भिंतीवरून वरून खाली नख फिरवा. नख सरळ उतरलं तर ठीक. मध्येच खळग्यात गेलं आणि खाली काठाला अडलं, तर पुली संपली. बसवलेल्या पट्ट्याची वरची बाजू पुलीच्या काठाबरोबर किंवा जराशी वर दिसायला हवी, आत बुडालेली नको.

मागच्या कापसाच्या हंगामात एक ७०९ आली होती. मालकाने दोन महिन्यांत तीन पट्टे बदलले होते आणि चौथा हातात घेऊनच उतरला. डायनामोची पुली काढून त्याच्याच हातात दिली आणि नख फिरवायला सांगितलं. दोनदा फिरवलं, मग काही न बोलता हातातला पट्टा सीटवर ठेवून आला. पुली बदलली, पट्टा त्याचा तिसराच ठेवला, चौथा सुटा म्हणून गाडीत राहिला.

पुली चांगली असेल तर ओळ पाहा. क्रँक पुलीपासून, म्हणजे इंजिन जी थेट फिरवतं त्या पुलीपासून, डायनामोच्या पुलीपर्यंत सुतळी ताणून धरा किंवा सरळ लाकडी पट्टी लावा. डायनामोच्या बुशा झिजल्या किंवा कोणी भलतीच वॉशर घातली की डायनामो तिरका बसतो. तिरक्या पट्ट्याची एकच कड खाल्ली जाते आणि फिरताना काळा भुसा पडतो.

ज्या गाडीला दोन जोडपट्टे आहेत, तिथे एकच बदलू नका. जुना लांबलेला असतो, नवा आखूड असतो. सगळा भार नव्यावर येतो आणि जुना नुसता घसरत राहतो. जोडीनेच टाका, आणि एकाच कंपनीचे, एकाच मापाचे टाका.

राळ किंवा साबण लावला तर आवाज जातो की! मग ते का नको म्हणता?

ही सवय चक्कीवरून आली आहे. पिठाच्या गिरणीचा जुना रुंद, चपटा पट्टा राळ लावून चालवलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तिथे ते चालायचं, कारण तो पट्टा पुलीवर पसरून चालतो. व्ही-बेल्टवर राळ लावली की ती चिकट होऊन धूळ आणि कापसाचे तंतू धरते. चार दिवसांत पुलीत काळ्या लगद्याचा थर बसतो. साबण तर वाळल्यावर उलटाच घसरतो. गंज काढायचा तेलकट स्प्रे, ग्रीस, जळकं ऑइल, यांतलं काहीही पट्ट्याला लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

पट्ट्यावर आधीच ऑइल किंवा डिझेल गळलेलं दिसलं तर आधी गळती शोधा. क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून येणारं ऑइल पंख्याच्या वाऱ्याने सगळीकडे उडतं. गळती न थांबवता नवा पट्टा टाकला तर महिन्याभराने आपली परत भेट होणार.

थ्रेशरचा किंवा पंपाचा पट्टा घरी पडला आहे. चालेल का?

गावात वेळ निभवायला लोक टाकतात, मला माहीत आहे. पण शेतीच्या यंत्राचा ‘बी’ पट्टा वर १७ मिलिमीटर रुंद असतो, ‘ए’ पट्टा १३ मिलिमीटर. तुमच्या पुलीची रुंदी जुळली नाही तर पट्टा एक तर वर तरंगेल, नाही तर तळाला टेकेल. शिवाय थ्रेशरच्या पट्ट्याला बाहेरून कापडाचं आवरण असतं. ट्रकच्या पट्ट्याच्या कडा बहुधा उघड्या रबराच्या असतात आणि आतल्या बाजूला दाते कापलेले असतात, म्हणजे डायनामोच्या लहान पुलीवरून तो सहज वाकतो. बिनदाती जाड पट्टा तिथे वाकताना तापतो. गाडी गावापर्यंत आणायला हरकत नाही, पण त्यावर नागपूरची खेप मारू नका.

पट्टा आणि पुली दोन्ही चांगले आहेत, तरी चिरकते. आता?

आता पट्टे काढून गाडी चालू करून पाहायची. सगळे पट्टे उतरवा, इंजिन थंड असताना चालू करा आणि वीस-तीस सेकंदांत बंद करा. त्याहून जास्त नको, कारण वॉटर पंप बंद आहे. आवाज गेला असेल, तर दोष पट्ट्याने फिरणाऱ्या एखाद्या वस्तूत आहे.

मग एकेक पुली हाताने फिरवा. डोळे मिटून फिरवा, बोटांना जास्त समजतं. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. खराब बेअरिंगमध्ये रेती भरल्यासारखी खरखर जाणवते, किंवा एका जागी ते अडतं. पुली धरून वर-खाली हलवा. वॉटर पंपाची पुली खेळत असेल तर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी कूलंट वाळल्याचा पांढरा-हिरवा ओघळ दिसतो का पाहा. तो दिसला की पंप काढायचाच.

ज्या लहान गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागेच बसवलेला आहे, तिथे पंपाला जाणारी ऑइलची नळी तुंबली की पंप कोरडा फिरतो. मग तो डायनामोला अडवतो आणि चिरकतो मात्र पट्टा. अशा गाडीत नुसतं डायनामोचं बेअरिंग बदलून काही होत नाही.

पट्टे चढवून, चालू इंजिनात आवाजाची जागा शोधायची असेल तर ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा हातभर लांब तुकडा घ्या. संत्र्याच्या बागेत असे तुकडे कितीतरी पडलेले असतात. एक टोक कानाशी धरा, दुसरं डायनामोच्या बॉडीजवळ, मग वॉटर पंपाजवळ, मग कॉम्प्रेसरजवळ न्या. नळी आजूबाजूचा गोंगाट तोडते आणि एकाच जागेचा आवाज आणते. मिस्त्री लांब पेचकस कानाच्या हाडाला लावून ऐकतात, तेही चांगलं. पण सवय नसलेल्या माणसाने फिरत्या पंख्याजवळ लोखंड नेऊ नये.

पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत फक्त वळवतानाच किंचाळतं.

स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर पंपावर सर्वांत जास्त भार येतो, म्हणून तिथला ढिला पट्टा तेव्हाच ओरडतो. आधी पट्टा, मग ऑइलची पातळी. ऑइल कमी असेल तर चिरकण्याऐवजी कण्हल्यासारखा आवाज येतो.

पट्टे काढूनही आवाज येतोच.

मग क्लचकडे कान द्या. उभ्या गाडीत न्यूट्रलवर क्लच दाबा. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. या एका चाचणीने पुष्कळ भांडणं मिटतात.

क्लचने काहीच फरक पडत नसेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाहा. गॅस्केट फुंकलं असेल तर थंड्या इंजिनात चिरचिर येते आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते. जोडाशी काजळीचा काळा फवारा दिसतो. याची गंमत अशी की तेही सकाळीच ओरडतं आणि मग गप होतं, म्हणून पट्ट्याचा संशय येतो. फरक एवढाच की हेडलाइट लावल्याने त्याला काही होत नाही.

आवाज फक्त केबिनमध्ये, मीटरजवळून येत असेल आणि काटा थरथरत असेल, तर ती स्पीडोमीटरची कोरडी केबल असते. पण ती गाडी चालतानाच ओरडते.

टर्बोची शिट्टी आणि हा आवाज यांत फरक काय?

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा. त्याची नेहमीची शिट्टी बारीक असते, लोडवर चढ चढताना वाढते आणि ॲक्सिलरेटर सोडला की उतरते. तुमचा कान तिला सरावलेला असतो. तीच शिट्टी एखाद्या दिवशी भोंग्यासारखी झाली, सोबत निळा धूर आला किंवा ताकद कमी झाली, तर गाडी लगेच बाजूला घ्या. टर्बोचा शाफ्ट झिजून आतलं ऑइल हवेच्या पाइपात उतरत असेल, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच बेफाम पळू शकतं, चावी फिरवूनही थांबत नाही. इथे ‘गावापर्यंत जाऊन पाहू’ असं करू नका. नुसती हवेच्या होजची क्लिप सैल असेल तरी शिट्टी येते, म्हणून थांबल्यावर आधी ती पाहा.

आवाज आहे, पण गाडी चालते आहे. हंगाम संपेपर्यंत चालवली तर?

एका गाडीची गोष्ट सांगतो. तुरीची पोती भरलेली ४०७, मे महिना, दुपार. आठ दिवसांपासून चिरकत होती. ड्रायव्हर अनुभवी, पण हंगामाची घाई होती. कळंबच्या अलीकडे आवाज अचानक बंद झाला आणि त्याला वाटलं, बरं झालं. आवाज बंद झाला होता कारण पट्टा तुटला होता. चार्जिंगचा लाल दिवा लागला होता, पण दुपारच्या उन्हात तो दिसला नाही. वॉटर पंप आणि पंखा दोन्ही थांबले. जुन्या, बिनइलेक्ट्रॉनिक डिझेल पंपाचं इंजिन करंटशिवायही चालत राहतं, त्यामुळे गाडी थांबली नाही. वाफ दिसली तेव्हा तो थांबला आणि घाबरून तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं. हेडला चीर गेली.

शेकड्यांतल्या पट्ट्यापायी हजारांचं काम निघालं आणि तीन आठवडे गाडी उभी राहिली. त्या तीन आठवड्यांची खोटी मी पाहिली आहे, म्हणून इतकं सांगतो. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात लोडची गाडी वॉटर पंपाशिवाय काही मिनिटंसुद्धा तग धरत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. व्हॅक्यूम पंप पट्ट्यावर असलेल्या गाडीत पट्टा तुटला की दोन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसर पट्ट्यावर असेल तर टाकीतली हवा भरणं थांबतं. मेळघाटात सेमाडोहच्या उतारावर हे झालं तर काय होईल, त्याचा विचार करा.

मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावं लागेल.

नुसत्या चिरकण्यावरून इंजिन खोलू देऊ नका. पट्टे काढून त्याने गाडी चालू करून पाहिली का, हे विचारा. नसेल पाहिली, तर तुमच्यासमोर पाहायला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. इंजिनाच्या आतले दोष सहसा ठोके देतात, खडखडतात, घरघरतात. चिरकणारी वस्तू बहुतेक वेळा बाहेरच असते. चांगला मिस्त्री या प्रश्नाचा राग धरत नाही.

कापसाच्या हंगामात आवाज जास्त का वाढतो?

जिनिंगच्या आवारात तासन् तास गाडी चालू ठेवून उभी असते आणि उडणारे तंतू पंखा आत ओढतो. पुलीत ते ऑइलसोबत मिसळून नमद्यासारखे बसतात. तेच तंतू रेडिएटरच्या जाळीतही भरतात. हिंगणघाट, वणीकडून आलेल्या गाडीचा रेडिएटर मी मागून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने हवा मारून साफ करतो, पुढून मारली तर कचरा आणखी आत जातो. हंगामात आठवड्यातून एकदा पुलींच्या खाचा सुक्या ब्रशने साफ करा, इंजिन बंद ठेवून.

सुटा पट्टा गाडीत ठेवायचा तर कसा?

सीटमागे खिळ्याला टांगून ठेवू नका, एकाच जागी वाकून तिथे चीर पडते. घट्ट घडी करून सुतळीनेही बांधू नका. सैल वेटोळं करून कागदाच्या खोक्यात ठेवा, डिझेलच्या कॅनपासून आणि केबिनच्या तापणाऱ्या पत्र्यापासून दूर. सोबत डायनामोच्या नटाला बसणारे पाने ठेवा. रस्त्यावर पट्टा असतो आणि पाना नसतो, असे फोन मला दर महिन्याला येतात. खोक्यावर पट्ट्याचा नंबर पेनाने लिहून ठेवा, कारण पट्ट्यावरचा छापलेला नंबर वर्षभरात पुसला जातो.